ग्रीन कार्ड लॉटरी आणि बारावीची अट : नोंदणीच्या आधी शिक्षणाचे कागद कसे तपासावेत

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसा कार्यक्रमाची, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास ग्रीन कार्ड लॉटरी म्हणतात तिची, नोंदणी करताना शिक्षणाचा एकही कागद मागितला जात नाही. अर्जात शिक्षणाचा एक रकाना असतो, त्यातील दहा पर्यायांपैकी एक निवडला की पुढचे पान उघडते. कागद पाहिले जातात ते निवड झाल्यानंतर, मुलाखतीच्या खिडकीवर. तोपर्यंत वैद्यकीय तपासणी झालेली असते, प्रवासखर्च झालेला असतो आणि कुटुंबातील प्रत्येक अर्जदारामागे ३३० डॉलरचे शुल्कही भरावे लागलेले असते. शिक्षणाची अट पूर्ण होत नाही असे अधिकाऱ्याचे मत झाले, तर हे शुल्क परत मिळत नाही.

माझा जन्म मस्कतचा आणि शाळा-कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातले. या प्रक्रियेतून आम्ही पती-पत्नी गेलो, तेव्हा जाणवले की यासंबंधीची मराठीतील बहुतेक माहिती फोटो कसा काढावा आणि निकाल कधी पाहावा एवढ्यावर थांबते. शिक्षणाच्या अटीबद्दल मात्र ‘बारावी पास हवे’ या तीन शब्दांपलीकडे कोणी जात नाही. प्रत्यक्षात बारावी कोणत्या मंडळाची, कोणत्या पद्धतीने केलेली, आणि प्रमाणपत्रावरील नाव पारपत्राशी जुळते का, या सगळ्याचा प्रश्न येतो. म्हणून हा लेख केवळ शिक्षणाच्या अटीपुरता आहे.

सुरुवातीलाच एक महत्त्वाची सूचना. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कार्यक्रमाला स्थगिती देत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे पुढची नोंदणी खुली झाल्याचे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. पूर्वी नोंदणी विनाशुल्क होती आणि २०२५ मध्ये १ डॉलर शुल्काचा नियम करण्यात आला. ‘जागा राखून ठेवतो’ असे सांगून त्याहून अधिक रक्कम मागणारा माणूस ती स्वतःच्या खिशासाठी मागत असतो. कागदांची तयारी मात्र केव्हाही करून ठेवता येते. तिला वेळ लागतो आणि ती इतर कोणत्याही देशाच्या अर्जासाठीही उपयोगी पडते.

१. आधी जन्मदेश पाहा, मग शिक्षणाकडे वळा

हा कार्यक्रम १९९०च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने अस्तित्वात आला आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून चालू झाला. ज्या देशांतून मागील पाच वर्षांत ५०,००० हून अधिक लोक अमेरिकेत कायमचे स्थलांतरित झाले, ते देश यातून वगळले जातात. भारत या वगळलेल्या देशांत आहे. पाहिला जातो तो अर्जदाराचा जन्मदेश, नागरिकत्व नव्हे. म्हणून सांगली किंवा नागपूरला जन्मलेल्या व्यक्तीला, तिच्याकडे कोणतेही पारपत्र असले तरी, केवळ स्वतःच्या जन्माच्या आधारे अर्ज करता येत नाही. गोव्यात जन्मलेल्या आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांच्या पारपत्रावर पोर्तुगाल असले तरी जन्म भारतातील धरला जातो.

मग मराठी माणसाचा या लॉटरीशी संबंध येतो कुठे? मस्कत, कुवेत, दुबई, बहरीन येथे आईवडील नोकरीला असताना ज्यांचा जन्म झाला, त्यांची संख्या मोठी आहे. त्यांचे नागरिकत्व भारतीय असले तरी जन्मदेश ओमान, कुवेत, संयुक्त अरब अमिराती किंवा बहरीन असल्यामुळे ते अर्ज करू शकतात. केनिया-टांझानियात जन्मलेले, मॉरिशसमधील मराठी कुटुंबांतील आणि इस्राएलमध्ये जन्मलेले बेने इस्राएली वाचक यांनाही हा मार्ग खुला राहिलेला आहे. पात्र देशांची यादी दरवर्षी नव्याने निघते, म्हणून त्या वर्षीची यादी पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नका.

दुसरा मार्ग जोडीदाराचा. तुमचा जन्म भारतात झाला असला, पण पती किंवा पत्नीचा जन्म पात्र देशात झाला असेल, तर जोडीदाराचा जन्मदेश तुम्हाला सांगता येतो. अट अशी की नोंदणीच्या वेळी विवाह झालेला असावा, अर्जात जोडीदाराचे नाव असावे, दोघांनाही व्हिसा मिळावा आणि दोघांनी अमेरिकेत एकत्र प्रवेश करावा. नोंदणीनंतर लग्न करून जोडीदाराचा जन्मदेश वापरता येत नाही.

२. घरातील मुख्य अर्जदार कोण, हे शिक्षण पाहून ठरवा

या लेखातील एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा. शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला लागू होते. सोबत जाणाऱ्या पती, पत्नी किंवा मुलांचे शिक्षण या अटीसाठी तपासले जात नाही.

आता पहिल्या पायरीतील जोडीदाराचा नियम आणि हा नियम एकत्र वाचा. समजा, पतीचा जन्म कुवेतचा आहे, पण वडिलांची नोकरी सुटून कुटुंब परत आल्यावर त्यांचे शिक्षण दहावीनंतर थांबले. पत्नीचा जन्म साताऱ्याचा आणि ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. अशा घरात सहसा असे धरले जाते की जन्म कुवेतचा म्हणून अर्ज पतीनेच करायचा, आणि मग शिक्षणावर गाडे अडते. वास्तविक पत्नी मुख्य अर्जदार होऊ शकते. जन्मदेश तिने पतीचा सांगायचा आणि शिक्षण स्वतःचे दाखवायचे. यात कोणतीही पळवाट नाही. नियमाने दिलेली ही सोय आहे आणि अर्जातच तिच्यासाठी प्रश्न आहे.

दोघांचेही शिक्षण पुरेसे असेल, तर दोघांनी स्वतंत्र नोंदणी करावी आणि प्रत्येकाने आपल्या अर्जात दुसऱ्याचे व सर्व मुलांचे नाव लिहावे. एका व्यक्तीने मुख्य अर्जदार म्हणून दोनदा नोंदणी केली तर तिच्या सर्व नोंदण्या बाद होतात, पण पती-पत्नीच्या वेगवेगळ्या नोंदण्यांना आडकाठी नाही. मात्र निवड झाल्यानंतर मुख्य अर्जदार बदलता येत नाही. ज्याचे शिक्षण कमी आहे त्याच्या नावाने निवड झाली, तर पदवीधर जोडीदार शेजारी बसलेला असूनही काही उपयोग होत नाही. म्हणून हा निर्णय नोंदणीच्या आधीच झाला पाहिजे.

३. अट नेमकी काय आहे

कायद्याचे म्हणणे दोन भागांत आहे आणि त्यांपैकी एक भाग पूर्ण झाला तरी पुरे. पहिला भाग असा की अर्जदाराने अमेरिकेतील बारा वर्षांचे प्राथमिक व माध्यमिक शिक्षण, किंवा दुसऱ्या देशात त्याच्या तोडीचे औपचारिक शिक्षण, यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे. दुसरा भाग असा की अर्जदाराला मागील पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव असावा आणि तो अशा व्यवसायातील असावा, ज्यासाठी मुळातच किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो.

‘औपचारिक’ या शब्दावर अधिकृत सूचनांचा भर आहे. पत्रद्वारे केलेले अभ्यासक्रम आणि समकक्षतेची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात नाहीत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील स्वतःची जीईडी ही समकक्षता परीक्षासुद्धा त्यासाठी चालत नाही. हे समजून घेतले तर पुढच्या पायरीतील अडचणी आपोआप उलगडतात. टक्केवारीची मात्र कुठेही अट नाही. बारावीला पन्नास टक्के असोत की नव्वद, उत्तीर्ण असणे महत्त्वाचे.

४. तुमचे शिक्षण कुठे बसते ते तपासा

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावी, गोवा मंडळाची बारावी, किंवा आखाती देशांतील भारतीय शाळांतून केलेली सीबीएसईची बारावी, नियमित विद्यार्थी म्हणून उत्तीर्ण केली असेल, तर तुमची वाट सरळ आहे. शाखा कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही चालते. पदवी असेल तर उत्तमच, पण बारावीचे कागदही सोबत ठेवावेत.

केवळ दहावी झालेली असेल, तर शिक्षणाचा भाग पूर्ण होत नाही. इथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. आपल्याकडे दहावीपर्यंतच्या शाळेला हायस्कूल म्हणतात, त्यामुळे अर्जातील ‘हायस्कूल पूर्ण’ हा पर्याय दहावी उत्तीर्ण व्यक्ती अगदी प्रामाणिकपणे निवडते. अमेरिकी हिशोबात हायस्कूल बारावीला संपते.

दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षणाची एकूण वर्षे तेरा होतात, पण बारावीचे प्रमाणपत्र नसते. अशा वेळी ते शिक्षण पुढील विद्यापीठीय शिक्षणाचा पाया ठरते का, हे पाहिले जाते. आपल्याकडे पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि हा मुद्दा कागदोपत्री दाखवता आला पाहिजे. ज्यांनी असा प्रवेश घेऊन पदवी पूर्ण केली, त्यांनी दोन्हींची कागदपत्रे न्यावीत. ज्यांनी पदविकेवरच थांबून नोकरी धरली, त्यांनी तंत्रशिक्षण मंडळाची पदविका, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदविकेनंतर पदवीला प्रवेश मिळतो हे दाखवणारी शासनाची प्रवेश पुस्तिका जवळ ठेवावी. निर्णय मात्र मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याचाच असतो आणि त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

आयटीआयचे एक-दोन वर्षांचे प्रमाणपत्र स्वतःच्या बळावर या अटीला पुरत नाही, असे धरून चालावे. पुढील शैक्षणिक अभ्यासाचा पाया न ठरणारे व्यावसायिक शिक्षण समतुल्य मानले जात नाही. याउलट, व्यवसाय विषय घेऊन राज्य मंडळाचीच बारावी केली असेल, तर ती बारावीच आहे. गुणपत्रिकेवरील विषयांची नावे पाहून शंका विचारली जाऊ शकते, एवढेच.

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, बारावी दिलेल्यांनी विशेष सावध राहावे. मंडळ तेच, प्रश्नपत्रिका त्याच आणि प्रमाणपत्रही तेच असते. तरीही ‘अकरावी-बारावीला कुठे शिकलात?’ हा प्रश्न आलाच, तर त्याचे उत्तर कागदांसह तयार हवे. ज्या केंद्रातून फॉर्म भरला तेथील नोंदणीची प्रत आणि आधीच्या शाळेचे दाखले शोधून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावी भारतात सरकारमान्य आहे आणि तिच्या आधारे पदवीला प्रवेश मिळतो, पण तिचे स्वरूप दूरस्थ असल्यामुळे वर सांगितलेला ‘औपचारिक’चा प्रश्न तिला थेट भिडतो. त्यानंतर नियमित महाविद्यालयातून पदवी घेतली असेल, तर भर त्या पदवीवर द्यावा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून ज्यांनी बारावी न करता पदवी मिळवली, त्यांची स्थिती सर्वांत नाजूक म्हणावी लागेल. नोकरी सांभाळून, रविवारच्या संपर्क सत्रांना बसून मिळवलेल्या त्या पदवीबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे आणि महाराष्ट्रात तिच्यावर हजारोंचे संसार उभे राहिले आहेत. परंतु या एका अटीपुरते पाहिले, तर बारावी नाही आणि पदवीही दूरस्थ, असे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. अशा वाचकांनी जोडीदाराला मुख्य अर्जदार करता येते का, किंवा पाचव्या पायरीतील अनुभवाचा भाग लागू होतो का, हे आधी पाहावे.

मॉरिशसमधील वाचकांनी अकराव्या इयत्तेच्या अखेरच्या स्कूल सर्टिफिकेटवर विसंबू नये. त्यापुढील हायर स्कूल सर्टिफिकेट असेल तर वाट सोपी. नेपाळी जोडीदार मुख्य अर्जदार होणार असेल, तर तेथील दहावीची परीक्षा पुरेशी समजू नये, त्यापुढील दोन वर्षांचे शिक्षण पाहावे.

५. शिक्षण कमी पडत असेल, तर अनुभवाचा भाग प्रामाणिकपणे तपासा

‘बारावी नसली तरी दोन वर्षांचा अनुभव चालतो’ हे वाक्य दलाल मोठ्या आवाजात सांगतात आणि पुढचे वाक्य सांगत नाहीत. कोणताही अनुभव चालत नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याची ओ-नेट ऑनलाइन नावाची माहितीपेढी आहे. तिच्यात प्रत्येक व्यवसायाला लागणाऱ्या तयारीनुसार एक ते पाच असा गट (‘जॉब झोन’) दिलेला असतो. या लॉटरीसाठी व्यवसाय चौथ्या किंवा पाचव्या गटातील असावा लागतो आणि त्याच्या तयारीची पातळी (तिथे ‘एसव्हीपी’ म्हणून दिलेली) ७.० किंवा त्याहून अधिक असावी लागते. ती माहितीपेढी कोणालाही पाहता येते. आपला व्यवसाय शोधा, त्याच्या पानावर खाली जा आणि गट वाचा.

वीजतंत्री तिसऱ्या गटात येतो. अवजड ट्रकचा चालक दुसऱ्या गटात येतो. लेखापाल आणि सॉफ्टवेअर विकसक चौथ्या गटात आहेत. यावरून लक्षात येईल की चौथ्या गटातील बहुतेक कामांना एरवी पदवीच लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे बारावीही नाही त्यांच्यासाठी ही वाट अरुंद आहे. वीस वर्षे उत्तम वायरिंग करणारा कारागीर इथे बसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, पण त्याला खोटी आशा दाखवून पैसे घेणे अधिक वाईट.

गटात बसत असाल तर नियुक्तिपत्र, कंपनीच्या छापील कागदावर कामाचे तपशीलवार वर्णन असलेले अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा उतारा जमवा. अनुभवपत्रात केवळ हुद्दा लिहून भागत नाही. रोजचे काम कोणते, हे लिहिलेले असावे, कारण गट कामावरून ठरतो. आखातात नोकरी केली असेल तर तेथील श्रम करार आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी नोकरी सोडण्याआधीच काढून घ्या. परत आल्यावर त्या मिळवणे फार जड जाते.

६. कागद जमवा

मुख्य अर्जदाराच्या शिक्षणाच्या पुराव्यासाठी पुढील मूळ कागद आणि त्यांच्या छायाप्रती लागतात :

- बारावीची गुणपत्रिका आणि बारावी उत्तीर्ण झाल्याचे मंडळाचे प्रमाणपत्र
- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- पदवी किंवा पदविका असल्यास तिचे प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला, तसेच कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- नावात बदल असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी
- इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर

गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. निकालानंतर प्रवेशासाठी सगळे गुणपत्रिका घेऊन धावतात आणि प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहते. तुमच्या फाइलमध्ये ते आहे का, हे आजच उघडून पाहा. नसेल तर आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करा. तिथेही नसेल तर दुय्यम प्रतीसाठी तुम्ही ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली त्याच मंडळाकडे अर्ज करावा लागतो. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळे आहेत. अर्जासाठी परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक लागतो, त्यामुळे जुनी छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो असेल तरी जपून ठेवा. डिजिलॉकरमधील प्रत स्वतःच्या माहितीसाठी उपयोगी आहे, पण मुलाखतीला मूळ कागद हातात असावा.

परदेशातील शैक्षणिक मूल्यांकन संस्थेचा अहवाल किंवा कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का घेण्याची अट अधिकृत सूचनांत नाही. आखाती नोकरीसाठी शिक्के मारून घेण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे दलाल तो खर्च सहज गळी उतरवतात. भाषांतरासाठी मात्र खर्च करावा. त्याच्या शेवटी भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराचे स्वाक्षरीसह निवेदन हवे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. ‘बारावी करून देतो’ म्हणत मागील तारखेचे प्रमाणपत्र विकणाऱ्या बोगस मंडळांच्या नादी लागू नका. अमेरिकी वकिलाती मंडळाकडे पडताळणी करतात. खोटा कागद दाखवल्याचे सिद्ध झाले तर केवळ ही लॉटरीच हातची जाते असे नाही, पुढे पर्यटनाच्या किंवा मुलांना भेटायला जाण्याच्या व्हिसासाठीही माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो.

७. नावे आणि जन्मस्थळ जुळवून पाहा

या पायरीला इतर सगळ्या पायऱ्यांहून अधिक वेळ द्या. आपल्या मंडळाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. पारपत्रावर स्वतःचे व वडिलांचे नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत असते. हा क्रमाचा फरक मुलाखतीत समजून घेतला जातो. फरक अक्षरांचा असेल तर मात्र प्रश्न निर्माण होतो. दहावीच्या फॉर्मवर इंग्रजीत एक स्पेलिंग, बारावीला दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. नोंदणीत पारपत्राप्रमाणे नाव लिहा आणि शिक्षणाच्या कागदांतील फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा फरक संपूर्ण असतो. बारावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव व वडिलांचे नाव, पारपत्रावर सासरचे आडनाव व पतीचे नाव, आणि काही घरांत पहिले नावही बदललेले. तीनपैकी एकही शब्द जुळत नसलेला कागद समोर आला, तर अधिकाऱ्याने तो त्याच व्यक्तीचा कशावरून मानावा? विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर लग्नाआधीचे नाव पूर्ण लिहिलेले असेल, तर दुवा जुळतो. पहिले नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. माझ्या पत्नीच्या कागदांत आम्ही बारावीचे प्रमाणपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि पारपत्र या क्रमाने एकामागोमाग लावले होते. अधिकाऱ्याने तीनही पाने ओळीने उलटली आणि नावाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

परदेशात जन्मलेल्यांसाठी खरा खड्डा शाळा सोडल्याच्या दाखल्यात आहे. त्यावर जन्मस्थळाचा रकाना गाव, तालुका, जिल्हा असा असतो. परदेशातील शहर त्या चौकटीत बसत नाही, म्हणून पहिलीत नाव घालताना तिथे मूळ गाव लिहिले जाते. माझ्या दाखल्यावरही तसेच झाले होते : जन्म मस्कतचा आणि दाखल्यावर संगमेश्वर तालुक्यातील आमचे गाव. एरवी याने कोणाचे काही बिघडत नाही. पण या लॉटरीत पात्रतेचा सगळा आधारच जन्मदेश असतो. शिक्षणाचा पुरावा म्हणून ठेवलेला दाखला जन्माच्या पुराव्याच्या विरोधात बोलू लागला, तर दोन्ही अटी एकाच वेळी संशयात येतात.

यावर उपाय आहे. मुख्याध्यापकांकडे मूळ जन्म प्रमाणपत्र, त्याचे भाषांतर आणि पारपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज द्यावा. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या जनरल रजिस्टरमधील नोंद शाळा स्वतःच्या अधिकारात बदलत नाही. प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांच्या मंजुरीनंतर दुरुस्त दाखला मिळतो. त्यात महिने जातात. म्हणून निवड होण्याची वाट पाहत बसू नका. दुरुस्ती वेळेत झाली नाहीच, तर जन्माचा मुख्य पुरावा म्हणून त्या देशाचे मूळ जन्म प्रमाणपत्र, भारतीय दूतावासातील जन्मनोंद आणि त्या काळातील आईवडिलांचा निवास परवाना एकत्र ठेवा, आणि दाखल्याबद्दल विचारले तर जे घडले ते सरळ सांगा.

८. अर्जातील शिक्षणाचा रकाना भरणे

रकान्यात दहा पर्याय असतात : केवळ प्राथमिक शाळा, अपूर्ण माध्यमिक, पूर्ण माध्यमिक, व्यवसाय शाळा, विद्यापीठातील काही अभ्यासक्रम, विद्यापीठाची पदवी, पदव्युत्तरचे काही अभ्यासक्रम, पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेटचे काही अभ्यासक्रम आणि डॉक्टरेट. नोंदणीच्या दिवशी तुमचे जे सर्वोच्च शिक्षण पूर्ण झालेले असेल तेच निवडा. बारावी म्हणजे पूर्ण माध्यमिक. पदवीच्या दुसऱ्या वर्षात असाल तर विद्यापीठातील काही अभ्यासक्रम. केवळ दहावी असेल आणि अनुभवाच्या आधारे अर्ज करत असाल, तर अपूर्ण माध्यमिक हाच खरा पर्याय. तो निवडल्याने लॉटरीतील संधी कमी होत नाही, कारण निवड संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने होते.

नोंदणी सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याकडून भरून घेतली, तर पाठवण्याआधी पडदा स्वतः वाचा आणि पुष्टी क्रमांक स्वतःकडे घ्या. मदत करणारे लोक शिक्षणाच्या रकान्यात सवयीने पदवी निवडतात. पुढे डीएस-२६० हा सविस्तर अर्ज भरताना शाळा-महाविद्यालयांची नावे आणि कालावधी द्यावे लागतात, तेव्हा ही विसंगती उघडी पडते. तुम्ही मात्र दोन्ही अर्जांच्या प्रती समोरासमोर ठेवून भरा.

९. मुलाखतीच्या दिवशी

निवड लाखाहून अधिक लोकांची होते आणि व्हिसे कायद्याने कमाल ५५,०००, त्यातूनही काही वजा होऊन दिले जातात. शिवाय त्या आर्थिक वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत व्हिसा हातात पडला नाही, तर निवड निरर्थक ठरते. म्हणजे ‘एक कागद राहिला आहे, घेऊन या’ असे सांगितले गेले, तर तो आणायला किती दिवस लागतील यावर सारे अवलंबून असते. मार्चमध्ये मुलाखत असेल तर विभागीय मंडळातून दुय्यम प्रत आणता येते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर नाही.

शिक्षणाबद्दलचे प्रश्न साधे असतात : बारावी कोणत्या वर्षी, कोणत्या महाविद्यालयातून, विषय कोणते, त्यानंतर काय केले. मध्ये एखादे वर्ष वाया गेले असेल किंवा एखादा विषय पुन्हा देऊन सुटला असेल, तर गुणपत्रिकांवर ते दिसतेच. दोन्ही प्रयत्नांच्या गुणपत्रिका ठेवा आणि विचारल्यास सांगा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या थरात सीलबंद केलेले असतील, तर त्यांवरील शिक्के तपासता येत नाहीत, म्हणून शक्यतो तसे करू नये.

शिक्षणाच्या अटीवर व्हिसा नाकारला गेला, तर नकाराच्या पत्रातील कारण नीट वाचा. कागद अपुरा म्हणून निर्णय थांबवला असेल, तर त्याच आर्थिक वर्षात तो सादर करता येतो. शिक्षणच अपुरे ठरवले असेल, तर त्या वर्षापुरता प्रश्न संपतो, पण पुढच्या नोंदणीवर बंदी येत नाही. तिशी-पस्तिशीत नियमित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला प्रवेश घेऊन बारावी पूर्ण करणारे लोक मी पाहिले आहेत. रात्र महाविद्यालयांमुळे मुंबई-पुण्यात नोकरी करूनही ते शक्य होते. तेवढी दोन वर्षे देण्याची तयारी नसेल, तर पुढच्या नोंदणीत जोडीदाराच्या नावाने मुख्य अर्ज भरा.